एक वायर तर लावायचीय!

...आणि वर म्हणे सोपं आहे! अहो, काय सोपं आहे? तुम्हाला सांगतो, ज्या ज्या माणसाने मला 'सोपं आहे' म्हणून सांगितलं ना, तो ऐन वेळेला तिथे हजर नव्हता! दुकानदार म्हणाला, "काका, त्यात काय, एक वायर तर लावायचीय!" बायको म्हणाली, "अहो, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलात, एक वायर तर लावायचीय!" आणि सगळ्यात मोठा शहाणा मी... मीसुद्धा कॉलर ताठ करून म्हणालो, हो, एक वायर तर लावायचीय!

झालं काय, आमची ही नाटकांचे कपडे शिवते. आजवर काय व्हायचं, चित्रं काढणार दुसराच, कौतुक त्याचं, आणि बाही उसवली की शिव्या हिला! ह्या वेळी पहिल्यांदाच कपड्यांची चित्रंही हिने स्वतः काढली होती, टॅब्लेटवर, राणीपासून पहारेकऱ्यापर्यंत, एकेका काठाची नक्षी बोटाने रेखून... आणि दिग्दर्शक बाई फोनवर काय म्हणाल्या माहितीये? (नाकातून बोलतात त्या.) "मला त्या पाटीएवढ्या टॅब्लेटवर काही दिसायचं नाही हं. मला टाका दिसला पाहिजे. मोठ्यावर दाखवणार असाल तर येते, नाहीतर राहू दे." आता हे 'राहू दे' ऐकलं आणि हिचा चेहराच उतरला हो. मला बघवेना. तडक गेलो आणि मॉनिटर घेऊन आलो. चार के! के म्हणजे काय, ते मला विचारायचं नाही. दुकानदार म्हणाला, "काका, ह्याच्यात मुंगीच्या पायावरचे केस दिसतील!" म्हटलं, बाबा रे, मला मुंगी नको, मला बाही दाखव!

घरी आलो. खोक्यात एक केबल होती. एक टोक मॉनिटरमध्ये गेलं छान. दुसरं टोक घेऊन टॅब्लेटभोवती प्रदक्षिणा घालतोय... कुठे घालू? टॅब्लेटला भोक एकच, तेही एवढंसं! परत दुकानात. त्याने दुसरी केबल दिली, दोन्हीकडे बारीक टोकं. लावली. टक्क! दोन्हीकडे बसली! काय आनंद झाला म्हणून सांगू... आणि मॉनिटरवर काय? 'नो सिग्नल.' ती पाटी एका जागी उभीसुद्धा राहीना, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, भाड्याचं घर बघायला आल्यासारखी फिरतेय! तेवढ्यात टॅब्लेट म्हणाला 'टुंग'. ही आतून ओरडली, "आलं का हो चित्र?" म्हटलं, "चित्र नाही, पण टॅब्लेट चार्ज व्हायला लागलाय!" अहो, चित्र जायचं इकडून तिकडे, आणि वीज यायला लागली तिकडून इकडे! मी द्यायला गेलो आणि तोच मला द्यायला लागला! ह्याला काय म्हणायचं?

परत दुकानात. आता तो मला लांबूनच ओळखायला लागला होता. "काका, ही नुसती चार्जिंगची. चित्राची वेगळी येते." "दिसायला कशी असते?" "अश्शीच." "मग ओळखायची कशी?" "लावून बघायची!" मला सांगा, ही काय रीत झाली?

तर तिसरी केबल. लावली. मॉनिटर उजळला! निळाशार! आणि त्यावर... काही नाही. राणी आपली टॅब्लेटवरच बसलेली. वर तो टॅब्लेट मलाच विचारतो, 'एक्स्टेंड' की 'मिरर'? अहो, मी तुला विचारायचं की तू मला? एक्स्टेंड म्हणजे वाढवा, मिरर म्हणजे आरसा. मला वाटलं, राणीचा डावा हात उजवीकडे जाईल, उगाच नको, म्हणून एक्स्टेंड धरून बसलेलो, आणि दारावरची बेल वाजली. बाई आल्या! ही दार उघडायच्या आधी मला म्हणाली, अगदी हळू, "अहो, नसेल होत तर सांगा, लाइट गेली म्हणून सांगू." समोर पंखा फिरतोय! मी डोळे मिटले आणि दाबलं मिरर.

आणि राणी आली हो! सरळच्या सरळ! दोन्ही बाजूंना दोन काळे पट्टे आले, ते का आले मला माहीत नाही, पण मधली राणी... काठाचा टाकान् टाका मोजून घ्या! बाई पुढे वाकल्या, चष्मा वर केला, नाकातला सूरसुद्धा गेला. "वा," म्हणाल्या. ही मान खाली घालून हसत होती. म्हटलं, जिंकलं!

...'टुंग'.

राणीच्या डोक्यावर एक पट्टी उघडली. मेव्हणीचा निरोप. आता आरसा म्हणजे काय, तर टॅब्लेटवर जे जे येईल ते ते मॉनिटरवर येणार, हे मला कुणी सांगितलं होतं का? अक्षरं ही एवढी! चार के! "ताई, आली का ती खडूस? तिच्या मागच्या नाटकातले कपडे आठवतात ना? पडद्याचं उरलेलं कापड गुंडाळल्यासारखे!" लगेच दुसरी 'टुंग'. "आणि भाऊजींना त्या मॉनिटरपासून लांब ठेव!"

बाईंनी दोन्ही वाचले. सावकाश. चष्मा न लावता! हिचा रंग पांढराफटक. मी केबल उपटायला धावलो तर ह्या वेळी ती निघेना...

बाई म्हणाल्या, "पडद्याचंच होतं."

मी केबल ओढायचा थांबलो.

"खरंच पडद्याचंच होतं ते कापड. आणि ते तसं दिसतंय, हे मला तेव्हा एकाही माणसाने सांगितलं नाही. ह्या नाटकाचे कपडे तुम्हीच करायचे, आणि त्या बहिणीला तालमीला घेऊन या." हिच्या डोळ्यांत टचकन पाणी. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? मग बाई वळून म्हणाल्या, "काय स्वच्छ दिसतंय हो! जोडलं कुणी हे?" आणि हिने... इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा... अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. आता मी काय म्हणणार होतो, सांगा? बाई म्हणाल्या, "आमच्या नाटकात मागे मोठी स्क्रीन आहे. महाल, जंगल, सगळं टॅब्लेटवरूनच दिसणार. जमेल तुम्हाला?" आणि ही जीभ, ही, काही हाड आहे का हिला... म्हणालो, "त्यात काय, एक वायर तर लावायचीय!"

तर मंडळी, घंटा होऊनसुद्धा नाटक का सुरू होत नाही, ते हे असं आहे. आत बायको एक केबल धरून उभी आहे, मेव्हणी दुसरी धरून, आणि महालाच्या जागी 'नो सिग्नल' फिरतंय. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जा आणि लोकांना काहीतरी सांगा." म्हटलं, काय सांगू? म्हणाल्या, "जोडण्याखेरीज काहीही करा!"

तुमच्यापैकी कुणाला येतं का हो हे? ...त्या मागच्या रांगेत? ...नाही? बरं.

कपडे मात्र फार सुंदर झालेत हं. सध्या माझ्या शब्दावर भागवा.