मास्तरांची टोपी आणि दहाव्याचा कावळा

चहा पाजा, पण आमच्या हेडमास्तरांचं कौतुक माझ्यासारख्या गावच्या वार्ताहरासमोर नको. श्रीवर्धनच्या शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले मास्तर गेले, त्यांच्या दहाव्याची गोष्ट. मास्तर पक्के शिकारी. अंगणातल्या सुकटीवर येणाऱ्या कावळ्यांनाही छर्रे मारायचे.

पिंडाला कावळा शिवेना. काकू रडू लागल्या, "यांचं काय राहिलं असेल हो?"

हेडमास्तर पुढे सरसावले. "मास्तर, तुमच्या नावाने कार्यशाळा बांधू." हयातभर साधी करवत दिली नाही या माणसाने.

कावळे माडावरच. तेवढ्यात काकूंना मास्तरांचे शिकारीतले सोबती इब्राहिमभाई दिसले. डोक्यावर मास्तरांची खाकी टोपी, आठवण म्हणून काकूंनीच दिलेली.

"भाई, ती टोपी लपवा आधी. मेले कावळे ओळखतात ती."

टोपी लपली, कावळा झेपावला.

"माझं वचन पोचलं," हेडमास्तर म्हणाले.

मी बातमीत टोपीच छापली.