सुमनताईंनी मांडलेली खोली

मंडळी, तुम्ही रोह्यातले, पेणहून आलेले, जोह्याची सुमनताईंच्या माहेरची माणसं... सगळे आलात. वर्गात तासभर बोलणारी मी, पण आज मला दोन वाक्यं जुळेनात.

सुमनताई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. त्या हस्तकला, मी मराठी. त्यांचं बालपण गणपतीच्या कारखान्यात गेलं. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे माती म्हणजे घाई. चतुर्थी कोणासाठी थांबत नाय."

म्हणून निवृत्तीनंतर त्यांना एक जागा हवी होती. कोणीही यावं, मातीत हात घालावा, घाई नसावी. आपल्या गावच्या मंडळाने हे जुनं गोदाम दिलं. आज आपण बसलोय, तेच हे.

बघा जरा ही खोली. खिडक्या खाली घेतल्या, बसल्या जागेवरून झाडं दिसावीत म्हणून. ओट्यांना टेकायला पाठ केली. नळ बुटके, म्हाताऱ्यांना उठावं लागू नये म्हणून. मंडळाचे आपले नाना म्हणाले, "ताई, बाकं मांडा, वर्ग घ्या, परीक्षा ठेवा." ताई म्हणाल्या, "नाना, इथं कोणी पास व्हायला नको यायला."

नवरा गेल्यापासून हिराबाई घराबाहेर पडत नव्हती. ताई तिला घेऊन आल्या.

"काय करू गो ताई?"

"काय नको करू. नुसती मळ."

दुपारभर तिने माती मळली. जाताना गोळा टबात परत ठेवला आणि म्हणाली, "उद्या येते." किती दिवसांनी तिने उद्याचं नाव काढलं होतं! कंपनीतून रात्रपाळी करून आलेला एकजण त्या ओट्यावर मातीच्या हातांनी झोपून गेला. ताईंनी पंखा वाढवला, बाकी काही नाही.

मग श्रावणात वादळ झालं. ताईंचा भाऊ जोह्याहून धावत आला. "आक्के, कारखान्याचे पत्रे उडाले गो! मूर्ती भिजतायत, ठेवू कुठं?"

ताईंनी क्षणभर ही खोली पाहिली. म्हणाल्या, "आण इथं."

मूर्ती वाचल्या. पण जिथे घाई नको होती, तिथे ताई स्वतः पहाटेपासून मूर्ती रंगवायला बसल्या. दमल्या. खोकला अंगावर काढला. हिराबाई म्हणायची, "ताई, तुमी पण जरा माती घ्या ना हातात." त्या म्हणायच्या, "घेईन गो. हे एवढं आटपू दे."

ते आटपलं. गणपती गेले. ताई आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

मंडळी, सगळ्यांसाठी ही जागा मांडणाऱ्या बाईला इथे स्वतःसाठी एक दुपार मिळाली नाही. किती साधी होती ती गोष्ट! याची हळहळ मला आयुष्यभर राहील.

श्रद्धांजलीला उभं राहण्याची पद्धत आहे. पण कृपया कोणी उठू नका. पाठ टेका. पाय पसरायचे असतील तर पसरा. ताईंसाठी थोडा वेळ असेच बसून राहू. मी 'वेळ झाली' म्हणणार नाही. ज्याला जेव्हा उठावंसं वाटेल, तेव्हा त्याने उठावं.

ताई, नमस्कार.