पाडव्याची पक्की नोंद

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या कृष्णा-येरळा भूजल अभ्यास संस्थेचेही अध्यक्ष माननीय लालासाहेब, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सत्कारमूर्ती श्री. बाळगोंडा मगदूम, त्यांच्या पत्नी सौ. कस्तुरीकाकू, सातारा केंद्राहून सकाळच्या गाडीनं सांगलीला आलेले सहकारी, आणि पलूसपासून वाई-मेढ्यापर्यंतच्या विहिरींची पातळी मोजणारे निरीक्षक बंधुभगिनींनो,

मी अक्षता गाडे. संगणक विभागात मगदूम आण्णांच्या हाताखाली काम करते. गौरवाचं बोलणं माझ्याआधीच्या वक्त्यांनी केलं आणि मला जमलं नसतं इतकं चांगलं केलं. मी आधी घडलेलं क्रमानं सांगते.

१. विहिरींच्या पातळ्या नोंदवण्यासाठी संस्थेनं १९८२ साली सांगली आणि सातारा केंद्रांत एकेक संगणक घेतला. नोंदी आठ इंची फ्लॉप्यांवर होत. प्रत्येक भागाची, प्रत्येक वर्षाची वेगळी फ्लॉपी.

२. १९९५ पर्यंत दोन्ही यंत्रं बिघडली. बनवणारी कंपनी त्याआधीच बंद झाली होती.

३. मगदूम आण्णा आणि मी नव्या संगणकासाठी एक प्रोग्राम लिहिला. तो जुन्या यंत्रासारखा वागतो आणि जुन्या यंत्राचे प्रोग्राम चालवतो. त्याला फ्लॉपीऐवजी फ्लॉपीची प्रतिमा द्यायची. प्रतिमा म्हणजे फ्लॉपीवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलेली एक फाइल.

४. ८ एप्रिल १९९७ रोजी, गुढीपाडव्याला, त्याचं उद्घाटन झालं. त्या वेळी पलूस भागाची १९८३ची प्रतिमा पुसली गेली. दुसरी प्रत नव्हती.

५. चौकशी झाली. मगदूम आण्णांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणामुळे नोंदी नष्ट' असा शेरा आला.

६. या महिन्याच्या ३१ तारखेला ते निवृत्त होतात. त्यानंतर सेवापुस्तक शेऱ्यासकट बंद होईल.

चौथ्या मुद्द्याच्या आत काय घडलं, हे चौकशीत आलेलं नाही. त्याआधी, समारंभ निरोपाचा आहे तेव्हा, आण्णांबरोबर काम करणं म्हणजे काय हेही सांगायला हवं.

आण्णा आमच्या प्रोग्रामला 'बहुरूपी' म्हणतात. हा बहुरूपी कोणतीही प्रतिमा उघडण्यापूर्वी एक लहान फाइल वाचतो. तिच्यात ओळीला एक असे पर्याय लिहिलेले असतात. ही फाइल कशी असावी यावर आम्ही जेवढा वाद घातला, तेवढा बाकीच्या सगळ्या प्रोग्रामवर मिळून घातला नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात तेरा पर्याय होते. चकतीवर वर्तुळं किती, एका वर्तुळाचे भाग किती, एका भागात अक्षरं किती, ते भाग कोणत्या क्रमानं वाचायचे. सगळे पर्याय बरोबर होते. आण्णांनी मसुदा वाचला आणि विचारलं,

"हे कुणी भरायचं?"

"जो प्रतिमा उघडेल त्यानं."

"म्हंजे आमच्या सुलाबाईंनी."

सुलाबाई आमच्याकडे नोंदी भरतात. त्या शेजारच्याच टेबलाशी होत्या. म्हणाल्या, "आवं आण्णा, मला चकतीतली वर्तुळं इचारणार असशीला तर मी आत्ताच रजेचा अर्ज देते बगा."

आण्णा हसले नाहीत. मला म्हणाले, "साताऱ्याचं यंत्र भाग एका क्रमानं लिहायचं, सांगलीचं दुसऱ्या. व्हय ना? मग फ्लॉपी साताऱ्याची का सांगलीची, एवढंच इचार. बाकी तुझं तू वळख."

तेरा ओळींच्या जागी 'केंद्र' ही एक ओळ आली. यंत्राला जे मोजता येतं ते माणसाला विचारायचं नाही. माणसानंच जे ठरवायचं ते यंत्रानं गृहीत धरायचं नाही. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं, हे इथं नोंदवते.

दुसरा वाद जास्त चालला. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे संध्याकाळी वाद असेल तिथं थांबायचा आणि सकाळी त्याच वाक्यापासून पुढे सुरू व्हायचा. प्रश्न असा होता, की प्रतिमेवर कोणी काही लिहिलं तर त्याचं काय करायचं? आम्ही तीन पर्याय ठरवले. 'कुलूप', म्हणजे वाचता येईल, लिहिता येणार नाही. 'कच्ची', म्हणजे लिहिलेलं बाजूच्या वेगळ्या फाइलीत जाईल. पडद्यावर नोंद झालेली दिसेल, पण मूळ प्रतिमेला धक्का लागणार नाही. आणि 'पक्की', म्हणजे लिहिलेलं थेट मूळ प्रतिमेत जाईल.

ही ओळ कोणी लिहिलीच नाही तर? आण्णांचं म्हणणं, कुलूप धरावं. माझं म्हणणं, काहीच धरू नये, प्रतिमा उघडूच नये. कुलूप आपोआप लागलं तर एक दिवस नोंद होत नाही म्हणून कोणीतरी चिडून थेट पक्की लिहील. मधली कच्ची त्याला माहीतही नसेल. आण्णांनी हे मान्य केलं, पण एक अट घातली. पक्की लिहिणाऱ्यानं खाली आणखी एक ओळ लिहायची. 'कोणाच्या सांगण्यावरून'. तिथं नाव नसेल तर प्रतिमा उघडणार नाही.

मी म्हटलं, "त्या नावाचा प्रोग्रामला काय उपयोग?"

"प्रोग्रामला कायबी न्हाई. पर नाव लिवताना माणूस जरा थांबतोय."

आता पाडव्याची सकाळ.

पलूसची १९८३ची फ्लॉपी कित्येक महिने वाचली जात नव्हती. त्या सकाळी ती एकदा, शेवटपर्यंत वाचली गेली, आणि त्याच वेळी चकतीवरचा तपकिरी लेप सुटून ड्राइव्हला चिकटला. म्हणजे उतरवलेली प्रतिमा हीच एकमेव. वाचन संपलं तेव्हा प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती. पाहुणे त्याच भागातले. त्यांच्या गावची विहीर त्यांना पडद्यावर दाखवावी आणि त्यांच्या हस्ते मुहूर्ताची पहिली नोंद व्हावी, ही अध्यक्षांची इच्छा होती. इच्छेत काही गैर नव्हतं. आपल्याकडे पाडव्याला कोणतंही नवं काम नोंद केल्याशिवाय सुरू होत नाही.

त्या वेळी यंत्राच्या खोलीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष, आण्णा आणि मी. झालेलं बोलणं मी ऐकलं तसं सांगते.

आण्णा म्हणाले, "साहेब, कच्चीवर उघडतो. पाव्हण्यांना नोंद झाल्याली दिसंल आन् मूळ हाय तसं ऱ्हाईल."

"पाडव्याची नोंद, पाव्हण्यांच्या हातची, आन् कच्ची? उद्या त्यांनी म्हटलं, माझी नोंद दाखवा, तर काय दाखवायचं? पुसली म्हणून सांगायचं?"

"जुना प्रोग्राम नव्या सालाच्या तारखेला काय करंल ते आमाला ठावं न्हाई, साहेब. तसं कवा कुणी केलंच न्हाई. मग तारीख तरी त्र्याऐंशीची घालू."

"आण्णा, नारळ फुटलाय. आता असलं बोलू नका. पक्की करा."

"मग खाली नाव तुमचं घालतो."

"माझं कशाला? विभाग तुमचा हाय. तुमचंच घाला."

आण्णांनी स्वतःचं नाव घातलं. मग म्हणाले, "एक मिनिट द्या, प्रत तेवढी काढून घेतो." प्रत काढायला मिनिट पुरलं असतं. ते मिनिट या बोलण्यात गेलं होतं. पाहुणे आत आले, पाठोपाठ सगळे आले, टाळ्या सुरू झाल्या.

पाहुण्यांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवसाची तारीख आणि आपल्या विहिरीची पातळी भरली. त्यांची यात काहीही चूक नाही. जुन्या प्रोग्रामला साल बदललेलं दिसलं. फ्लॉपी नव्या वर्षासाठी पुन्हा वापरायला घेतली आहे असं समजून त्यानं आधीच्या सगळ्या नोंदींवर शून्यं लिहिली. पडद्यावर एकच नोंद राहिली. पाहणाऱ्यांना वाटलं, तेवढीच दाखवायची असेल. छान छायाचित्रं निघाली. त्यातलं एक आज बाहेर लावलेलं आहे.

आता चौकशी. ती झाली कशामुळे? आण्णांनी त्याच दुपारी स्वतः लेखी कळवलं म्हणून. नाहीतर कोणाला कळलंही नसतं. एका विश्वस्तांनी त्यांना चांगल्या हेतूनं सुचवलं होतं, "ब्याऐंशी आन् चौऱ्याऐंशीची सरासरी काढून भरून टाका की. कोण वळखतंय?"

आण्णा म्हणाले, "मी वळखतो की."

सभागृहातल्या निरीक्षकांना १९८३ का महत्त्वाचं हे सांगायला नको. पलूस भागात नदीचं पाणी उचलून शेतात आलं, ते त्याच्या पुढच्या वर्षी. आज तिथल्या जमिनी क्षारपड होत आहेत. पाणी जमिनीत किती वर चढलं हे मोजायचं तर ते आधी किती खोल होतं हे हवं. बनावट आकडे भरले असते तर पाण्याच्या निचऱ्याचे चर कुठं काढायचे हे त्या आकड्यांवर ठरलं असतं, आणि आण्णांचं सेवापुस्तक स्वच्छ राहिलं असतं. संस्थेच्या अहवालात त्या वर्षाची जागा आज रिकामी आहे, ती त्यांनी रिकामी ठेवली म्हणून.

चौकशी समितीनं पर्यायांची फाइल उघडली, 'कोणाच्या सांगण्यावरून' या ओळीत आण्णांचं नाव पाहिलं आणि काम संपवलं. त्या खोलीत तिसरी व्यक्ती होती, तिला बोलावलं नाही. मी लेखी निवेदन दिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दिलं. त्याचंही आलं नाही.

आण्णांनी आणखी ठाम नकार द्यायला हवा होता, असं कोणी म्हणू शकेल. मी त्यावर वाद घालणार नाही. पण शेरा निष्काळजीपणाचा आहे. ज्या माणसानं त्या सकाळी तीन वेळा काळजी बोलून दाखवली, त्याच्याबद्दल हा शब्द खरा नाही. चुकीची नोंद सापडली की दुरुस्त करायची, ही या संस्थेची पद्धत आहे. विहिरीच्या पातळीत दोन बोटांचा फरक निघाला तरी आपण निरीक्षकाला परत गावाला पाठवतो. माणसाबद्दलची नोंद वेगळ्या नियमानं का ठेवायची?

आण्णा, तुम्ही मला मघापासून हातानं 'बस' म्हणून खुणावताय. बसतेच. श्रोत्यांना एवढं सांगते, की मी हे बोलणार आहे हे आण्णांना ठाऊक नव्हतं, काकूंनाही नव्हतं. ते या विषयावर माझ्याशी कधीही बोललेले नाहीत. निवृत्तीनंतर ते पलूसला शेतावर राहणार आहेत, ती जमीन पांढरी पडू नये आणि दोघांना निरोगी आयुष्य लाभावं, ही माझी सदिच्छा.

संस्थेनं मला काम दिलं, आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभार. समारंभाच्या रीतीला सोडून काही बोलले असेन तर वयानं मोठ्यांनी ते पदरात घ्यावं. घटनेच्या तपशिलात चूक असेल तर मात्र क्षमा करू नये, ती दाखवून द्यावी.

अध्यक्ष महोदय, आपल्याबद्दल मला आदर आहे, आणि त्या खोलीतले दुसरे साक्षीदार आपणच आहात. माझी विनंती एका वाक्याची आहे. मगदूम आण्णांच्या सेवापुस्तकातला शेरा काढून त्या जागी 'अध्यक्षांच्या सूचनेवरून प्रतिमा पक्की उघडण्यात आली' असं लिहावं. निवेदनाची तिसरी प्रत मी आज कार्यालयात दिली आहे. होकार असो वा नकार, त्याचं लेखी उत्तर येत्या शनिवारी, ३० मे १९९८ रोजी, कार्यालय बंद होण्यापूर्वी द्यावं.