पाय खाली ठेवा

दामिनी : पण मामाजी, डमीवर बरोबर येते ना! हे पाहा. उजवीकडून पाहा, डावीकडून पाहा, एक केस खालीवर नाही. अन् जितं माणूस बसलं का तिरपं जाते.

नत्थुजी : चार वाजता किशोर चावी न्यायले येऊन राहिला. त्याले मोबाइलचं सामान लावाचं आहे इथं. उचल हे डोकं टेबलावरून.

दामिनी : उद्या परीक्षा आहे माही. निकालापर्यंत तरी थांबा.

नत्थुजी : मांगच्या खेपीलेही असंच म्हणाली होती तू.

(अचलपूरच्या बाजारातलं नत्थुजींचं सलून. सात महिने झाले, कुलूपच. आज सुनेच्या हट्टापायी शटर अर्धं वर केलंय, तेवढंच. टेबलाच्या कडेला प्लास्टिकचं मुंडकं आवळून बसवलेलं, खाली केसांचा हा ढीग. दामिनी बिचारी सहा महिने एसटीनं अमरावतीला जाऊन केस कापायला शिकते आहे आणि एकदा नापास होऊन बसली आहे. पहाटेपासून उभी, पायांचे तुकडे पडलेत. पण खुर्ची एकच, आणि तिच्यावर सासरेबुवा. मग काय करता!)

दामिनी : डावी बाजू अर्धं बोट आखूड निघाली तवा. रागिणी मॅडमनं कंगवा लावून साऱ्या पोरींसमोर दाखवलं. धरतीनं पोटात घ्यावं असं झालं मले.

नत्थुजी : केस ओढले असशीन. ओले केस ओढून कापले का वाळल्यावर वर चढतेत.

दामिनी : नाही ओढले. चार भाग केले, तीन भागांले चाप लावले, मांगून सुरुवात केली. दोन बोटांत धरून, जसं शिकवलं तसंच.

नत्थुजी : अन् कात्री?

दामिनी : अंगठाच हालवला फक्त, बाकी हात जागेवर. ते तं तुमीच सांगतलं होतं.

नत्थुजी : मंग ती पोरगी बसली कशी होती? ती आपल्या गल्लीतली, कहकशाँ?

दामिनी : कशी म्हणजे? आरामात. मोबाइल पाहत.

नत्थुजी : पायावर पाय टाकून?

दामिनी : असन बाप्पा, माहं ध्यान केसांवर... हो. हो, टाकला होता! सँडल हालून राहिली होती तिची, आठवलं मले.

नत्थुजी : झालं तं मंग. एक पाय चढला का कंबर वाकडी, कंबर वाकडी का खांदा वर. तू सरळच कापलं पोरी. ती वाकडी बसली होती. उठून उभी राहिली तवा दिसलं.

दामिनी : अरे देवा! अन् डमीले...

नत्थुजी : डमीले पाय कुठं आहेत? पन्नास वर्षं या खुर्चीमांगं मी दुसरं काय बोललो? ‘पाय खाली ठेवा, भाऊ.’ तहसीलदार असो का कोनी असो. पाय खाली.

दामिनी : मले कोनी सांगतलं नाही हे. नाहीतं सांगतलं असन, बसमधून उतरून वर्गात टेकली का डोळेच मिटतात माहे. पण तुमी काहून नाही सांगतलं?

नत्थुजी : तू विचारलं नाही. अन् मले त्या कात्रीकडे पाहावंसं वाटत नाही. आपलं जुनं गिऱ्हाईक अजहर, त्याच्या कानाले लागली तवापासून. त्याचे पहिले केस मीच उतरवले होते, एवढुसा होता. रक्त आलं कॉलरवर अन् तोच मले म्हणते, ‘कुछ नही हुआ, चाचा.’ हा हात पाहा. चहाचा कप धरवत नाही. थकलो ना बाई. देऊन टाकू दे दुकान.

दामिनी : मीबी थकली, मामाजी. आमचे हे तिकडं नांदगाव पेठेच्या मिलमध्ये पाळ्या करतात, घरी येऊन निस्ते झोपतात. मी पहाटे उठते, आत्याबाईंची वेणी घालते, डबे करते, बसमांगं पळते. कशासाठी? इथं बायांचं पार्लर टाकाचं म्हणूनच ना? दुकान गेलं तं शिकून करू काय मी?

नत्थुजी : मंग जा उद्या. सांग कहकशाँले, पाय खाली ठेव म्हणा.

दामिनी : ती कुठं येऊन राहिली! सकाळीच अकोल्याले गेली. बहिणीले दवाखान्यात भरती केलं, दिवस भरले तिचे. आपलं माणूस सोबत नेलं नाही तं परीक्षेले बसूच देत नाहीत. अन् केस खांद्याच्या खाली पाहिजेत. शकीलाले विचारलं, ती नाही म्हणे. मनकर्णाबाईची सून तं हसलीच मले.

लीलाबाई : माहे आहेत ना.

नत्थुजी : तू कवा आली?

लीलाबाई : केव्हाची चहा घेऊन उभी आहे बाहीर. तुमच्या शटरखालून वाकवत नाही मले. कप धर गं कोनी.

दामिनी : द्या आत्याबाई, अन् या अंदर, शटर वर करते थोडं. पण तुमचे केस? कमरेपर्यंत आहेत!

लीलाबाई : म्हणूनच म्हणते. हात वर जात नाही माहा. रोज पहाटे तू झोपेत वेणी घालते अन् तुही पहिली बस जाते. शरम वाटते मले. काप.

नत्थुजी : काही कापाचं नाही! लोक काय म्हणतीन? सवाशीण बाई तू.

लीलाबाई : काय म्हणतीन? नवरा जिता आहे, अन् कात्रीवालाच आहे म्हणतीन. साऱ्या गावचे कापले तुमी. माह्याच केसांले काय सोनं लागलं?

नत्थुजी : तुह्या केसांले मी कधी हात नाही लावला.

लीलाबाई : लावाल कसा? या खुर्चीवर बसलीच कवा मी? चाळीस वर्षं उंबऱ्यावरून डबा देऊन वापस गेली. उठा.

नत्थुजी : लीला...

लीलाबाई : उठा ना बाप्पा. गुडघे दुखून राहिले माहे.

दामिनी : या, बसा. आज कापत नाही, आज निस्ते भाग पाडून पाहते. कापाचं उद्या, तिथं. अमरावतीपर्यंत बसनं या लागन तुमाले.

लीलाबाई : येते.

दामिनी : पाय खाली ठेवा.

लीलाबाई : खालीच आहेत. वर जातील असे राहिले कुठं आता!

दामिनी : मामाजी, इकडं या बरं. पाय खाली आहेत, मान सरळ आहे, तरी उजवा खांदा वर दिसते.

नत्थुजी : सरक, पाहू दे... हे कवापासून, लीला?

लीलाबाई : दोन वर्षं सांगून राहिली, खांदा आखडला म्हणून. तुमी म्हणे, शेक.

नत्थुजी : मी पाह्यलंच नाही. मांगून साऱ्या गावचे खांदे पाह्यले अन् घरचा... चुकलं माहं.

लीलाबाई : असू द्या. चहा थंडा होऊन राहिला.

दामिनी : मंग उद्याही तिरपंच येईन का?

नत्थुजी : नाही येत. खांद्यावरून माप घेऊच नको, हा खांदा फसवन तुले. मानेमांगं हे हाड लागते ना, इथं बोट ठेव. इथून सुरुवात. अन् शेवटी दोन्हीकडली एकेक बट हनुवटीखाली आण, आरशात पाहून भिडव. कंगवा दे इकडं, दाखवतो.

लीलाबाई : हात थरथरून राहिला तुमचा.

नत्थुजी : कंगवा आहे, कात्री नाही. थरथरू दे.

दामिनी : अन् उद्याही फेल झाली तं?

लीलाबाई : होऊ दे. लांब आहेत माहे. आखीन एखादी परीक्षा निघन त्यातून.

दामिनी : शटर वाजून राहिलं, मामाजी. किशोरच असन. चार वाजले.

नत्थुजी : मान हालवू नको, लीला.

दामिनी : चावी मागन तो. काय सांगू त्याले?

नत्थुजी : सांग, दुकान चालू आहे. गिऱ्हाईक बसलं आहे.