निळ्या टपरीचं आसाई

ओस्मारिनो : …आसाईत पाणी वाढवलेलं नको हं, मावशी. चमचा उभा राहिला पाहिजे, इतकं दाट.

नाझिल्दा : बसा जरा. ताडाची फळं आत्ताच कढत पाण्यातून काढलीत, निथळू देत, मग दळते. कुठले तुम्ही? बोलणं इकडचंच वाटतंय.

ओस्मारिनो : जन्म बेलेंचा. वीस वर्षं झाली, लांब दक्षिणेला कुरितिबात राहतो. तिकडे आसाई म्हणजे बर्फाचा गोळा, वर केळं आणि पाक. माझी पोरगी तायनारा त्यालाच आसाई समजायची! म्हणून या जुलैत ओढून आणली इथं समुद्रावर, सालिनासला. म्हटलं, एकदा खरं खा, तळलेल्या माशाबरोबर.

नाझिल्दा : मग? खाल्लं?

ओस्मारिनो : पहिल्या दिवशी किनाऱ्यावरच्या हॉटेलात गेलो, तर तिथंही पाक. वाडगा तसाच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी मात्र सापडलं. अतालाइयाच्या वळणावर ती निळी टपरी आहे ना? काय हात आहे त्या पोराचा! ओळीनं पाच दिवस खाल्लं आम्ही. मी एक, पोरगी दोन-दोन वाडगे. मग टपरी बंद झाली. आता आठवडा होत आला, दारोदार फिरतोय. आज तुमच्या दारावर ताजं आसाई मिळतं म्हणून लावतात तो लाल बावटा दिसला, म्हणून थांबलो.

नाझिल्दा : निळी टपरी.

ओस्मारिनो : हो. ओळखता त्याला?

नाझिल्दा : पोरगी कुठाय तुमची?

ओस्मारिनो : गाडीत झोपलीय. ऊन लागलंय तिला. अहो, आत्ताच लावलेलं दळायचं मशीन का बंद केलंत?

नाझिल्दा : ताप आहे?

ओस्मारिनो : चार दिवस झाले. गोळी घेतली की उतरतो, संध्याकाळी परत चढतो.

नाझिल्दा : तोंड सुजतं का? डोळ्यांभोवती?

ओस्मारिनो : सकाळी असतं थोडं. खाऱ्या पाण्यानं असेल.

नाझिल्दा : आणि दम लागतो?

ओस्मारिनो : काल जिन्यात मधेच बसली. मी म्हटलं, नखरे करते… मावशी, तुम्ही हे सगळं कशासाठी विचारताय?

नाझिल्दा : या आसाईच्या ताडात एक किडा असतो. न्हावी म्हणतात त्याला. दिव्याकडे येतो, फळांच्या टोपलीत पडतो. फळं निवडून, धुऊन, कढत पाण्यात बुडवली तर भीती नाही. नाही बुडवली, तर फळांबरोबर तोही दळला जातो. त्याच्या पोटातला रोग माणसाच्या रक्तात जातो. हृदयाला सूज येते.

ओस्मारिनो : ते जुन्या काळी. खेड्यापाड्यात.

नाझिल्दा : निळ्या टपरीत टोपल्यांच्या डोक्यावर दिवा लटकतोय. आणि कढत पाण्यानं चव मरते म्हणायचा तो. गिऱ्हाईक लांबून येतं, त्याला रानातली चव द्यायची म्हणायचा.

ओस्मारिनो : खरंच तशीच होती चव.

नाझिल्दा : आज सात दिवस बेलेंच्या इस्पितळात आहे. नाकात नळी आहे त्याच्या.

ओस्मारिनो : आणि कुणी काही बोललं नाही? रोज जात होतो मी त्या टपरीवर! दार वाजवून यायचो. साधी एक चिठ्ठी नको दारावर?

नाझिल्दा : होती.

ओस्मारिनो : नव्हती! मी काय आंधळा आहे?

नाझिल्दा : दवाखान्यातल्या बाईंनी लावली होती, सोमवारी दुपारी. 'इथं खाल्लं असेल तर रक्त तपासून घ्या.' संध्याकाळी मी फाडली.

ओस्मारिनो : तुम्ही? का?

नाझिल्दा : लोक थांबून वाचत होते. फोटो काढत होते. खाली त्याचं नाव होतं. जोसिव्हाल्दो. माझा मुलगा आहे तो.

ओस्मारिनो : सोमवारी संध्याकाळी मी तिथं गेलो होतो, मावशी. आज गुरुवार आहे.

नाझिल्दा : बोला. काय बोलायचं ते बोला मला.

ओस्मारिनो : तीन दिवस! तीन दिवस मी तिला नारळपाणी पाजत बसलो!

नाझिल्दा : औषध आहे यावर. जोसीनं आठवडाभर ताप अंगावर काढला, तुमच्या पोरीचे चारच दिवस झालेत. दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि लगेच काचेवर बघतात. तुमचंही देऊन टाका. पण बारापर्यंतच असतात ते. नुसता ताप आहे म्हणालात तर गोळ्या देऊन घरी पाठवतील. आधी टपरीचं नाव घ्या.

ओस्मारिनो : रस्ता कुठला?

नाझिल्दा : सांगून सापडणार नाही. मीच येते गाडीतून. टपरीचं नाव मी घेते.

ओस्मारिनो : तुमचं दुकान?

नाझिल्दा : राहू दे उघडं. चला. आणि तिच्यासमोर आवाज चढवू नका. तिला पायऱ्या चढू देऊ नका, उचलून घ्या.

(गाडीत. इंजिन सुरू होतं.)

तायनारा : बाबा… कोण आहेत या?

ओस्मारिनो : रस्ता दाखवायला आल्यात. पडून राहा तू.

तायनारा : आजी, तुम्ही इकडच्याच ना? निळ्या टपरीवाला दादा कुठं गेलाय हो? रोज मला वाडग्यात जास्तीचं घालायचा. पैसे घ्यायचा नाही त्याचे.

नाझिल्दा : पाय वर घे, बाळ. माझ्या मांडीवर ठेव.