चौथं पोतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य साहेबराव केंद्रे सर, नांदेडहून सकाळच्या गाडीने आलेले प्रमुख पाहुणे अमृतराव सूर्यवंशी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते वर्कशॉप असिस्टंट गुरुपादप्पा बिराजदार, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या पार्वतीबाई, व्यासपीठावरील इतर मान्यवर, सहकारी प्राध्यापक, वर्कशॉपमधली मंडळी आणि मागच्या दारापाशी उभे राहिलेले विद्यार्थी. पुढे दोन रांगा रिकाम्या आहेत. या, बसा.

मी शिल्पा वाघमारे. मेकॅनिकल विभागात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मामांच्या स्वभावाविषयी चांगलं सांगितलं. स्वभाव मोजता येत नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. मी डब्यांविषयी बोलते.

सुतारकामाच्या शेडमागे दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे. दारावर पाटी नाही. आत भिंतीला लावलेल्या फळ्यांवर एकतीस मालडबे उभे आहेत. लातूरच्या जुन्या छोट्या लाइनीवर जे डबे धावायचे, त्यांच्या या प्रतिकृती. खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. दोन रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. लाइन मोठी झाली, ते चांगलंच झालं. पण जुने डबे भंगारात गेले आणि ते कसे होते हे सांगणारी माणसं आता मोजकी उरली. त्यांतले एक आज व्यासपीठावर आहेत.

ती खोली एक तारखेनंतर राहणार का, हा आजचा खरा प्रश्न. केंद्रे सरांनी फेब्रुवारीतच स्पष्ट केलं होतं: मामा निवृत्त झाल्यावर एखाद्या प्राध्यापकाने लेखी जबाबदारी घेतली तर खोली राहील, नाहीतर ती उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना द्यावी लागेल. यात सरांचं काही चुकलेलं नाही. गठ्ठ्यांनाही जागा लागते. विचारणा माझ्याकडे झाली. मी म्हणाले, "विचार करून सांगते." त्याला चार महिने झाले. एवढा विचार कसला चालला होता, असं कुणालाही वाटेल. तेच सांगायला उभी आहे.

सुरुवात एका किटपासून झाली. नऊ वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून मामांना मालडब्याचं किट पाठवलं. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले साठेक भाग, आणि सूचनापत्रक जर्मन भाषेत. कुणीतरी म्हणालं, नेटवरून भाषांतर काढू. मामा म्हणाले, "कशाला? चित्रं तर मराठीतच हायती की." चित्रं बघून मामांनी दोन दिवसांत डबा उभा केला, लाल रंग मारला, रुळावर ठेवला. डबा हलेना. चाकं आधी बसवली होती आणि रंग नंतर मारला होता. आस, चाक, चौकट, सगळं एकजीव.

दुसऱ्या कुणी तो डबा कपाटात मागे ढकलला असता. मामांनी तो उलटा केला आणि तळाला सुईने कोरलं: "चित्रं बगितली, क्रम बगितला न्हाई. आधी रंग, मग चाकं." खाली सही आणि तारीख. तो डबा आजही पहिल्या फळीवर पहिला आहे. आजही हलत नाही.

तेव्हापासून त्या खोलीचा नियम झाला. डबा कुणीही बनवो, तो फळीवर चढण्याआधी बनवणाऱ्याने आपली चूक तळाला लिहायची. एक तरी. "चूक झालीच नाही" हे उत्तर मामा घेत नाहीत. मुलांपैकी बालाजीच्या डब्याखाली लिहिलंय: "दार उलट्या बाजूला सरकतं. घाईत होतो." पुनमच्या डब्याखाली आहे: "छपराला बोट चिकटलं. ठसा तसाच ठेवलाय." नवीन मुलं आली की मामा त्यांना डबे उलटे करून देतात आणि म्हणतात, "वाचा. ह्येच पुस्तक."

किटं महाग पडतात, आणि लातूरच्या डब्याचं किट जगात कुणी काढत नाही. म्हणून नंतरचे सगळे डबे मुळापासून बनवलेले. भिंती लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या, दोन थर एकमेकांवर चिकटवून. पकडायच्या दांड्या मोटारच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेच्या. रिव्हेट म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीला मागून बोथट सुईने दिलेले टोचे. एका डब्याला दोनशे चाळीस. धूळ आपल्याच मैदानातली काळी माती, मलमलीतून तीनदा गाळलेली. डब्यात भरायला तुरीची पोती, बँडेजच्या कापडाची, आत मोहरी. पार्वतीबाईंनी अशी सहाशे पोती शिवली आहेत. त्यांचं नाव कुठल्याही डब्याखाली नाही. मी एकदा त्यांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "माजं काई चुकलंच न्हाई तर काय लिवू?" हा एकमेव अपवाद मामांनी मान्य केला आहे.

मी या खोलीत आले तेव्हा मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे शिकवलेल्या तासांपुरती नोकरी, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, संदर्भ म्हणून सांगते. मामांकडे एका पंचवीस फुटी बंद डब्याच्या आराखड्याची झेरॉक्स होती. तसे आठ डबे बनवून नांदेडच्या छंद प्रदर्शनात न्यायचे होते. मामा म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. साचा तुमी काढून द्या."

मी पत्र्याचा साचा कापून दिला. पहिला नमुन्याचा डबाही मीच बनवला, कडा घासून घासून. मी पॉलिशपेपर घेऊन बसले की मामा मागून म्हणायचे, "साकु, मॅडम, साकु. डबा हाय, दागिना न्हाई." त्यांच्या निलंग्याकडे घराघरांत कानडी बोलतात, साकु म्हणजे पुरे. वर्कशॉपमध्ये हा शब्द ऐकला की हात थांबवायचा असतो. उरलेले सात डबे मुलांनी माझ्या साच्यावरून कापले. अर्धापूरच्या केळीच्या खोक्यांत पोत्यांसकट भरून आम्ही ते एसटीने नांदेडला नेले.

प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आमच्या टेबलासमोर थांबले. थांबले म्हणजे पंधरा मिनिटं हलले नाहीत. मग म्हणाले, "रंग लई ब्येस. पर डबा आखूड हाय."

मी विचारलं, कशावरून म्हणता?

"कशावरून म्हंजे? लातूरच्या गुड्स शेडात अकरा वर्सं हमाली केली म्या. दारापासून कोपऱ्यापत्तोर चार पोती लांबीनं बसायची. छप्पर निगतं का ह्याचं?"

छप्पर निघत होतं. त्यांनी आमचीच पोती उचलली. एक ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. चौथं पोतं बसेना. एक टोक भिंतीला टेकून ते तिरपं उभं राहिलं. ते गृहस्थ म्हणजे आजचे प्रमुख पाहुणे अमृतराव.

टेबलाभोवती पंचवीसेक माणसं होती. तेव्हाचे आमचे विभागप्रमुख होते. मी ज्यांना ड्रॉइंग शिकवते ती मुलं होती. मला कारण त्याच क्षणी कळलं. आराखड्यावर लांबीचा आकडा घडीवर आला होता आणि अर्धवट पुसला होता. भिंग घेऊन वाचता आला असता. मी त्याऐवजी झेरॉक्सवर व्हर्निअर ठेवून माप काढलं. आणि कागदात मावावा म्हणून यंत्राने तो आराखडा चार टक्के लहान केलेला होता. डब्यावर साडेतीन मिलिमीटर. खऱ्या डब्यावर बरोबर एक फूट.

पहिल्या वर्षाच्या मुलांनो, पहिल्या तासाला मी फळ्यावर काय लिहिते? "आराखड्यावर पट्टी ठेवायची नाही. लिहिलेला आकडा वाचायचा." हो. तेच.

विभागप्रमुखांनी विचारलं, "माप कुणी काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "म्या काढलं, सर. चष्मा बदलायला झालाय."

मी उघडलेलं तोंड मिटलं. हे वाक्य मी आजपर्यंत कुणासमोर बोललेले नाही.

परतीच्या एसटीत पुनम मामांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मामा, तुम्ही तर आकडा वाचल्याशिवाय पट्टीला हातबी लावू देत नाही आम्हाला. मग हे कसं झालं?" मामा म्हणाले, "म्हातारपण आलं बाई. त्ये केळ दी हिकडं." मी दोन सीट मागे होते. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हणाले की ते आठ डबे मोडून टाकू. मामा म्हणाले, "कशापायी? लांबीला चुकलेत. चाकातलं अंतर बरूबर हाय न्हवं? मग पळतेत की." आणि खरंच, ते आठही डबे पळतात. मी त्यांना पुढे विचारलं, तुम्ही माझं नाव का घेतलं नाही? त्यावर ते म्हणाले, "त्यो माझ्या लिवायचा इषय न्हाई. तळाला जागा ठिवलीय." आणि कामाला लागले. त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही. एकदाही नाही. कुणी एकदा जरी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

यंदा मी कायम झाले. मामांचे पेढे मिळाले. आणि गेल्या महिन्यात त्यांनी खोली सोपवण्यासाठी यादी केली. डब्याचा क्रमांक, बनवणारा, चूक. तीस डब्यांपुढे चूक उतरवलेली. चोविसाव्या डब्यापुढे बनवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, आणि चुकीच्या रकान्यात एकच शब्द: "कोरा." स्वतःच्या नावावर घेतलेली ती चूक मामांनी लिहिताना मात्र स्वतःच्या नावावर घेतली नव्हती.

आता चार महिने कसला विचार चालला होता ते तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या खोलीचा एकच नियम आहे, तो न पाळलेल्या माणसाने त्या खोलीचा ताबा कसा घ्यायचा?

मामा, बसा. उठू नका. मला अजून दोन मिनिटं आहेत.

हा चोविसावा डबा. आज सकाळी साडेनऊला मी खोलीत जाऊन तो उलटा केला. तळाला काय कोरलंय ते वाचते. "लांबी एक फूट कमी. झेरॉक्सवर माप घेतलं, आकडा वाचला नाही. नांदेडला मामांनी चूक अंगावर घेतली तेव्हा मी गप्प बसले. शिल्पा वाघमारे." अक्षर बारीक आहे, पण भिंगाशिवाय वाचता येतं. तपासून पाहिलंय.

केंद्रे सर, हे खोलीची जबाबदारी घेत असल्याचं माझं पत्र. आवक क्रमांक घेतलेला आहे, त्यामुळे आता परत घेता येणार नाही. गठ्ठ्यांसाठी मी ड्रॉइंग हॉलमधली मागची दोन कपाटं रिकामी करून दिली आहेत; परीक्षा विभागाने काल मोजून घेतली, पुरतात.

पुनम, तो डबा घेऊन पुढे ये. हा बत्तिसावा. नव्या साच्यावरून कापलेला, लांबी सत्त्याऐंशी पूर्णांक सहा मिलिमीटर. आकडा वाचून घेतलेला आहे. पुनमने भिंग धरलं आणि मी वाचला, मग मी भिंग धरलं आणि तिने वाचला. छप्पर अजून चिकटवलेलं नाही. आत तीन पोती ठेवलेली आहेत. चौथं अमृतरावांनी ठेवावं अशी विनंती आहे. तेवढ्यासाठीच मामांनी प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं नाव सुचवलं होतं. संस्थेने दुसरी दोन मोठी नावं काढली होती, मामा म्हणाले, "त्येंना पोतं ठिवता येतं का?"

हळू. त्या बाजूने. हं.

बसलं.

टाळ्या नंतर वाजवा, डबा हातात आहे. अमृतराव म्हणतायत, "आता माल भरा." भरू. पुढच्या सत्रात असे आठ करायचे आहेत आणि सध्या चार मुलं आणि तीन मुली तयार आहेत; आठव्या डब्याला माणूस हवा आहे. अट एकच, ती तुम्हाला आता माहीत आहे.

मामा, निवृत्तीनंतर तुम्ही निलंग्याला राहायला जाणार हे कळलं. गुरुवारी लातूरचा बाजार तुम्ही चुकवत नाही, हेही कळलं. खोली गुरुवारी दुपारी तीन ते पाच उघडी राहील. पार्वतीबाई, पोती संपत आली आहेत.

आभार मानायचे ते थोडक्यात मानते. केंद्रे सरांनी चार महिने वाट पाहिली आणि एकदाही स्मरणपत्र पाठवलं नाही, त्यांचे आभार. अमृतरावांनी पंचवीस माणसांसमोर खरं माप सांगितलं, त्यांचे आभार. पार्वतीबाईंचे सहाशे पोत्यांसाठी. मामांचे आभार मानण्याची पद्धत मला ठाऊक नाही. मी ते तळाला लिहिलं आहे. तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल तुमचीही ऋणी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मानात कुठे कमी पडले असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या, पण मला येऊन जरूर सांगा. लिहून ठेवेन. डब्याच्या तळाला अजून दोन ओळींची जागा आहे, आणि बोलण्यासारखं...

मामा तिथून हात वर करून "साकु" म्हणतायत.

थांबते.