विहिरीपाशी दमलेला

एक्स-रेच्या खोलीबाहेर दहावीतली एक मुलगी प्लॅस्टरमधला हात सांभाळत बसली होती. शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. हात एक मोडला असला तरी कान दोन्ही शाबूत होते तिचे.

"चर्चमधला रविवारचा मुलांचा वर्ग सोडतेय मी, वन्सं."

"का गं, पाठीमुळे?"

"चुकीचं शिकवलं. एकीने विचारलं, येशू देव होता तर विहिरीपाशी दमून कसा बसला? मी म्हटलं, दमल्यासारखं दाखवलं त्याने."

"अगं बाई! म्हणजे नाटक केलं?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग जन्मही नाटक आणि क्रूसही नाटकच की! आपल्याला सोडवायला देव माणूस झाला, तो काय वरवरचा?"

"कळतंय हो. पण 'खरंच दमला' म्हटलं असतं ना, तर तिथेच रडू फुटलं असतं मला."

"अंथरुणावरच्या आईला एकटीच उचलतेस?"

"दिवसातून सहा वेळा."

"फोनवर तर म्हणायचीस, सगळं मजेत."

"तुम्हीही विचारायचात फोन ठेवता ठेवता."

"हं. मार, मार टोमणे. चुकलंच माझं."

"दमलेय मी, वन्सं. खरंच."

"सोमवारी आईला माझ्याकडे नेते. आणि तू वर्ग सोडायचा नाहीस. मुलांना खरं काय ते सांग. ऐकतेयस ना?"

आतून भावजयीचा नंबर पुकारला गेला. नणंद जागची हलली नाही. तिच्या खांद्यावर भावजयीचं डोकं झोपेने कलंडलं होतं.

"तू जा गं बाळा पुढे," ती मुलीला कुजबुजली. "आणि दार हळू लाव."